चिन्नोराच्या भाताचा वास

पांढरकवड्याच्या स्टँडवर ऑटोवाल्याला मी नेहमीसारखंच सांगितलं, "कारीबाईच्या घरी." आमच्या भागात एवढा पत्ता पुरतो. पण डांबरी रस्ता सोडून आत वळायचा फाटा आला तशी त्यानं ऑटो थांबवली, इंजिन चालूच ठेवलं आणि माझी पिशवी स्वतःच खाली काढून ठेवली.

"इथंच उतरा मावशी. पुढं नाही येत मी."

"काहून? रस्ता तर चांगला झाला म्हणतात."

"रस्त्याले काय धाड भरली? वाघ आहे ना तिकडं." मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाले कोणी सांग्तलं नाही?"

नव्हतं सांगितलं. फोनवर कारीबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की मी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं, आता पलंगावर आहे, मुलींकडं पाहायला कोणी नाही, तू ये. मी कळंबला मुलाकडं राहत होते. निवृत्त होऊन तिसरं वर्ष चालू होतं. नवरा एसटीच्या वर्कशॉपमधून सुटलेला, मी कारीबाईंच्या घरातून सुटलेली. सकाळी दोघं चिंतामणीच्या देवळापर्यंत फिरायला जायचो आणि दिवसभर एकमेकांच्या चुका काढायचो. बाईंचा फोन आला आणि मी पिशवी भरायला घेतली.

फाट्यापासून घर दिसतं. पण मधली वाट दोन्ही बाजूंच्या तुरीतून जाते, आणि त्या दिवसांत तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. भर उन्हात मी ती वाट चालले. वारा सुटला की तूर सळसळायची आणि मी थांबायचे. वारा थांबला की आणखी भीती वाटायची. ज्या वाटेनं मी तरुणपणापासून ये-जा केली, त्या वाटेवर पिशवी छातीशी धरून मी जवळजवळ पळत गेले.

हे घर काय आहे ते आधी सांगायला पाहिजे. कारीबाईंचे आजोबा-आजी नॉर्वेहून मिशनरी म्हणून आले. आजी नर्स होत्या. त्यांनी इथं दवाखाना काढला. एक दिवस ओसरीवर कोणीतरी एक आंधळी पोर ठेवून गेलं आणि न्यायला परत आलंच नाही. मग दुसरी आली. दवाखाना पुढं बंद पडला, पोरी राहिल्या. आजोबांच्या मागं मुलानं आणि सुनेनं घर चालवलं, त्यांच्यामागं कारीबाईंनी. त्यांचा भाऊ तिकडं परत गेला. कारीबाईंचा जन्म इथला, भाषा इथली. पासपोर्ट तेवढा तिकडचा. लग्न केलं नाही. मी तिथं गृहमाता होते, म्हणजे मुलींच्या उठण्यापासून झोपेपर्यंत जे जे असेल ते सगळं. आम्ही बौद्ध. बाईंनी मला कधी प्रार्थनेला बस म्हटलं नाही, आणि मी मागच्या बाकावर बसायची कधी चुकले नाही, कारण मुली फार सुरेख गायच्या.

लोकांना वाटतं, आंधळ्या मुलींना सांभाळायचं म्हणजे हात धरून फिरवायचं. तसं नाही. हात सोडायला शिकवणं हेच काम. घरून आलेली पोर बहुधा कोपऱ्यात बसलेली असते. कोणाला खाटेला बांधून आई-बाप मजुरीला गेलेले असतात; दुष्टपणानं नाही, ती विहिरीत पडू नये म्हणून. अशा पोरीला आधी पडायला शिकवावं लागतं. पडलं की आभाळ कोसळत नाही हे कळलं, की ती चालते. आमच्या आवारात खोलीपासून स्वयंपाकघर, नळ, संडास असा दोर बांधलेला आहे. एक गाठ लागली की स्वयंपाकघर, दोन गाठी म्हणजे नळ. भिंतीच्या कडेनं चालताना तळवा नाही, बोटांची मागची बाजू भिंतीला लावायची, म्हणजे खिळा-काच लागली तर हात आपोआप मागं येतो. टाळी वाजवून ऐकायचं: समोर भिंत असली तर आवाज परत येतो, मोकळं असलं तर निघून जातो. आणि हाक आली की हाकेच्या दिशेनं यायचं. ओसरीवर घंटा आहे. ती वाजली की जिथं असाल तिथून घराकडं.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. एक बाप दरवर्षी पोळा झाला की यायचा, पोरीचे डोळे उघडून पाहायचा आणि विचारायचा, "अजून नाही आली काय नजर?" गाडी गॅरेजला टाकल्यासारखी त्यानं पोर आमच्याकडं टाकली होती. तीच पोर, सुलभा, दोन महिने माझा पदर सोडत नव्हती. आज नागपूरला बँकेत फोन घेते. दिवाळीला मला फोन करते आणि पहिला प्रश्न, "मावशी, साडी कोणत्या रंगाची नेसल्या?" रंग तिनं जन्मात पाहिला नाही. मी तरी दरवर्षी खरा रंग सांगते.

तर मी घामाघूम होऊन पोचले. कारीबाई पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर होत्या. केस पांढरे झाले होते, चेहरा ओढलेला.

"बाई, वाघाचं काहून नाही सांग्तलं?"

"सांग्तलं असतं तर आली असती काय तू?"

नसते आले.

स्वयंपाकाच्या रझियाआपांनी चहा दिला आणि सगळं सांगितलं. त्या पांढरकवड्याच्या, जुन्या माणसांपैकी त्याच उरलेल्या. वाघानं आधी दोन बैल नेले, मग नाल्यापलीकडच्या गावात सरपण गोळा करणारा एक माणूस. वनखात्याची माणसं जीप घेऊन फिरत होती, पिंजरे लावले होते. "आणि ये देखो," म्हणत आपांनी मला मागं नेलं. नाल्याच्या बाजूची कंपाउंडची भिंत पावसाळ्यात पडली होती. तिथं टेकामभाऊंनी, म्हणजे आमच्या आवाराचं सगळं पाहणाऱ्या कोलाम आदिवासी गड्यानं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. कुंपणापलीकडं तूर, तुरीपलीकडं नाला, नाल्यापलीकडं जंगल.

"बाई, मुलींले घरी पाठवून द्या," मी त्याच दिवशी म्हटलं.

"कोणत्या घरी? त्याच गावांमध्ये ना? तट्ट्याच्या भिंती, दाराले कडी नाही. इथं विटा तरी आहेत. आणि एकदा घर बंद झालं शोभा, तर अर्ध्या पोरी परत येत नाहीत. तुले माहीत आहे. खाटेवर बसून राह्यतील."

ते मलाही माहीत होतं. भाऊ तिकडून रोज फोन करत होता, बंद कर आणि ये म्हणून. त्याला बाईंनी वाघाचं सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले, आणि काम उलटं होतं. जन्मभर मी पोरींना म्हणत आले, भिऊ नको, टाक पाय. आता त्यांना भ्यायला शिकवायचं होतं. ज्यांनी वाघ पाहिला नाही त्यांना काय सांगणार? मातीचा खेळण्यातला वाघ त्यांच्या हाताला माहीत होता, उंदराएवढा.

"मावशी, खरा वाघ केवढा असते?" मीनानं विचारलं. मीना तांड्यावरची, बारा-तेरा वर्षांची, जन्मांध, सगळ्यांत तिखट कानाची.

काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "बाईच्या पलंगाएवढा."

झालं. सगळ्या पोरी ओळीनं बाईंच्या खोलीत शिरल्या आणि पलंग मोजू लागल्या. कोणी दोन्ही हात पसरून, कोणी वाकून पायापासून उशीपर्यंत. बाई मधे पडलेल्या, हसता हसता दुखतं म्हणून ओरडत होत्या. सगळ्यांत लहान पिंकी, त्याच पावसाळ्यात आलेली, पलंगाच्या पायापाशी थांबली आणि म्हणाली, "एवढा मोठा? मग तो आत येईन तं आमी कुठं बसाव?"

त्या दिवशी मी एक खेळ काढला. कोणी मोठ्यानं 'दगड' म्हटलं की होतं तिथं खाली बसायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, हलायचं नाही, बोलायचं नाही, कोणी येऊन पाठीला हात लावेपर्यंत. मूल पळालं की जनावर मागं लागतं हे टेकामभाऊंनी सांगितलं होतं. आम्ही तो खेळ रोज खेळलो. पिंकी त्यात सगळ्यांत पक्की झाली. लहान होती ना, गोळा होऊन बसली की खरंच धोंड्यासारखी दिसायची.

एका सकाळी मुली नळावर दात घासत होत्या. मीनानं नाक वर केलं.

"मावशी, आज सण आहे काय?"

"कायचा सण?"

"चिन्नोर शिजून राह्यला ना."

चिन्नोराचा वासाचा तांदूळ आमच्याकडं सणावारालाच. स्वयंपाकघरातून आपा ओरडल्या, "अरे बेटी, चिन्नोर कहाँ से लाऊ? उपमा चढवला मी!" पण बाकीच्या पोरीही म्हणू लागल्या, येते मावशी, येते वास. आपा काहीतरी लपवून ठेवते, असं ठरवून त्या खूश झाल्या. मलाही वास आला. गोड, गरम, नुकत्याच वाफ सोडलेल्या भातासारखा. शेजारच्या शेतात कोणी चूल मांडली असेल असं वाटलं.

दुपारी वनरक्षक मुलगी फेरीला आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, आमच्याच जिल्ह्यातली. पडक्या भिंतीपाशी कडुनिंब आहे. ती त्याच्याजवळ गेली, वाकली, खोडाला बोट लावून हुंगलं. पिंकी तिच्या मागंमागंच होती. ती म्हणाली, "भात! सकाळी पण आला होता."

त्या मुलीचा चेहरा पडला. तिनं मला बाजूला घेतलं.

"सकाळी भाताचा वास आला होता, मावशी?"

"हो. सगळ्यांले आला."

"वाघ झाडावर मुताची फवारणी करतो, खूण म्हणून. ताजी असली की तिचा असाच वास येतो. बासमतीसारखा."

"ताजी म्हणजे?"

"म्हणजे आज पहाटेची."

नळ आणि कडुनिंब यांच्यात कपडे वाळत घालायची एक दोरी बांधता येईल, एवढंच अंतर. मी नळाच्या ओट्यावर बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले, जणू पोरींना दिसणार होते.

मुलींपासून लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ऐकलंच होतं. मीना हळूच म्हणाली, "म्हणजे आमी त्याले भात समजलो."

त्यानंतर रोज सकाळी दार उघडायच्या आधी मीना खिडकीपाशी उभी राहायची. आम्ही सगळ्या तिच्यामागं श्वास रोखून. ती "नाही" म्हणाली की मी कडी काढायची. आपांनी घरात भात शिजवणं बंद केलं, घोटाळा नको म्हणून. भाकरी, उपमा, पोळी. पोरींनी एकदाही भात मागितला नाही.

अशानं माणूस थकतं. सतत भ्यायलाही ताकद लागते. त्यामुळं एका दुपारी बातमी आली, की वाघानं लांब, पार दुसऱ्या बाजूच्या गावात गाय मारली आणि जीपा तिकडं गेल्या, तेव्हा आम्हाला सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. ऊन छान पडलं होतं. मी पोरींना अंगणात घेऊन बसले, डोक्याला तेल लावायला. मीनाची एक वेणी झाली होती, दुसरी हातात होती. मागून कुठून तरी बकरीच्या पिल्लाचं ओरडणं येत होतं. शेजाऱ्याची बकरी नेहमीच यायची. मी लक्ष दिलं नाही.

"पिंकीले बोलवा, तिचे केस घेतो," मी म्हटलं.

पिंकी नव्हती.

आपा संडासाकडं धावल्या, टेकामभाऊ मागच्या कुंपणाकडं. त्यांची हाक आली तशी मी गेले. काट्यांच्या कुंपणाखाली एका जागी लहान मूल सरपटत जाईल एवढी फट होती, आणि ओलसर मातीत दोन तळहात उमटले होते. त्याच आठवड्यात ती दोर सोडून चालायला लागली होती. शाबास, शाबास म्हणून मीच तिला सगळ्यांसमोर चालवून दाखवलं होतं. पिल्लू कुठं रडतं ते पाहायला ती एकटी निघाली होती.

"घंटा बजाऊ?" आपा रडत म्हणाल्या.

मी वाजवा म्हणणारच होते. इतक्यात मीना दोर धरून आमच्यापर्यंत आली, अर्धी वेणी सुटलेली.

"मावशी, चूप. सगळे चूप."

तिनं मान वर केली. वारा नाल्याकडून येत होता. तिनं हात उचलला आणि एका दिशेला धरून ठेवला.

"वास येते," ती म्हणाली.

वाघ दुसऱ्या गावात नव्हता. किंवा दोन होते. घंटा वाजली असती तर पिंकी उठून घराकडं निघाली असती, अडखळत, कदाचित रडत. आणि मधे काय होतं ते आम्हाला कोणालाच दिसत नव्हतं.

"पोरीले हलू देऊ नका," टेकामभाऊ म्हणाले. त्यांनी कुऱ्हाड घेतली होती आणि तेलाचा रिकामा डबा.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो आजारी कोंबडीसारखा. मग मीना ओरडली. अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशी.

"दगड!"

सगळं शांत झालं. पिल्लू एकदा ओरडलं, मग मधेच तोडल्यासारखं थांबलं.

"त्याचं तोंड कोणी दाबलं," मीना म्हणाली. "पिंकीच हाय. बसली हाय. तिकडं." आता तिनं दुसरा हात उचलला. वासाच्या हातापासून तो फार लांब नव्हता.

टेकामभाऊ नाल्याच्या अंगाला वळले, तिकडून डबा वाजवायला. मी काटे बाजूला सारून सरळ तुरीत शिरले. आपांनी मीनाला धरून ठेवलं होतं आणि मीना मागून मला वाट सांगत होती. माझी पावलं तिला ऐकू येत होती.

"डावीकडं, मावशी... अजून... आता सरळ."

तुरीत शिरल्यावर हातभर पलीकडचं दिसत नाही. पिवळी फुलं डोक्यावर गळत होती, लुगडं अडकत होतं, मी ते फाडत पुढं जात होते. आणि मग तो आवाज आला. डरकाळी नव्हती. शेजारच्या खोलीत कोणी जड कपाट सरकवावं तसा. तो मी कानांनी ऐकला नाही, छातीच्या हाडांनी ऐकला. मी खाली बसले, तिथंच, ढेकळांवर. खरं सांगते, त्या वेळी मला पिंकी आठवत नव्हती. कळंबचं घर आठवत होतं, ओट्यावरचा सकाळचा चहा आठवत होता, आणि परत कसं फिरायचं एवढंच डोक्यात होतं.

"मावशी, थांबल्या काहून?" मागून मीनाचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, जणू मी नळावर रेंगाळले होते. "दोनच पावलं राह्यली. या ना पुढं."

मी उठले. दोन नाही, बरीच जास्त पावलं होती.

पिंकी एका तुरीच्या बुंध्याशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मांडीत पिल्लू, आणि पिल्लाच्या तोंडाभोवती तिची इवलीशी मूठ. मी पाठीला हात लावला तरी ती हलली नाही. ओठ तेवढे हलले.

"मावशी, मी दगड हाय."

मी तिला उचललं. पिल्लू तिनं सोडलं नाही, म्हणून तेही उचललं. पाठ फिरवू नका म्हणून टेकामभाऊंनी बजावलं होतं, म्हणून मी उलट्या पावलांनी निघाले. नाल्याकडून डबा वाजायला लागला. तेव्हा समोर, पिंकी बसली होती त्याच्या जरा पलीकडं, तुरीचे शेंडे हलले. वारा पडला होता. एका ओळीनं शेंडे वाकत गेले, सावकाश, आमच्या बाजूबाजूनं. मग ती ओळ वळली आणि नाल्याच्या वरच्या अंगाला गेली. मग सगळे शेंडे सरळ उभे राहिले.

लोक मला विचारतात, पाहिला का हो वाघ? नाही. एक पट्टासुद्धा नाही. शेंडे हललेले पाहिले. अजूनही तूर वाढली की मी त्या बाजूची खिडकी लावून घेते.

संध्याकाळी वनखात्याच्या माणसांना त्या जागेच्या पलीकडं ओढत नेलेली बकरी सापडली. पिल्लू तिचंच होतं.

मीनाला मी नंतर विचारलं, "तो आवाज तुले ऐकू आला नाही काय गं?"

"तुमच्या आधीच आला."

"मग सांग्तलं काहून नाही?"

"सांग्तलं असतं तं तुम्ही गेल्या असत्या काय?"

पण ते नंतर. पिंकीला घेऊन मी आवारात आले तर ओसरीवर कारीबाई जमिनीवर पडल्या होत्या. ज्या बाईची कूस दोन माणसांना बदलावी लागायची, ती पलंगावरून उतरून, वॉकर ढकलत, मग वॉकर सुटल्यावर कोपरांवर ओढत ओसरीपर्यंत आली होती. घंटेची दोरी तिनं मनगटाला गुंडाळून घेतली होती. चेहरा पांढराफटक.

"वाजवणारच होती मी," त्या म्हणाल्या. "मग मीनानं दगड म्हटलं. मग नुसती धरून बसली." दोरी सोडवायला मी हात लावला तर बोटं उघडेनात.

खुबा परत मोडला होता. नागपूरला न्यायला गाडी आली, त्यांना आत चढवलं, तेव्हा त्यांनी माझा हात ओढून मला जवळ घेतलं.

"पोरींले पाठव शोभा. सगळ्यांले."

"बाई, घर बंद झालं तर..."

"होऊ दे. मी वाघाले कधी भ्यायलीच नाही. घर बंद पडायलेच भीत राह्यली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखण्यानं असेल. "चुकीच्या गोष्टीले भ्यायली मी."

मोठ्या मुली अमरावतीच्या एका शाळेत गेल्या, लहान आपापल्या घरी. आजोबांच्या काळापासून कधी रिकामं न झालेलं ते घर रिकामं झालं. मी आणि आपा आत कडी लावून बसायचो, आणि दोर नुसता वाऱ्यानं हलायचा.

पुढं वाघ धरला गेला. लोक म्हणतात तोच, लोक म्हणतात दुसरा. पांढरकवड्याच्या मिस्त्री लोकांनी आणि आजूबाजूच्या गावांनी मिळून भिंत उभी केली, आधीपेक्षा उंच. बाई वॉकर घेऊन परत आल्या. भाऊ न्यायला आला होता, तो एकटाच परत गेला. सगळ्या मुली आल्या नाहीत, पण बऱ्याच आल्या. मीना आली. मीही राहिले. नवरा रविवारी कळंबहून येतो, आपांच्या स्वयंपाकाची तारीफ करतो आणि माझ्याकडं पाहून तारीफ थांबवतो.

पिंकी आली नाही. तिची आई मारेगावला जिनिंगमध्ये कामाला जाते. तिचा फोन आला, "मावशी, पोरगी चालतच नाही. ठेवलं तिथं बसते."

मी गेले. खरंच होतं. कुकरची शिट्टी झाली, मोटारसायकल गेली, कोणी दार आपटलं, की पिंकी खाली बसायची, गुडघे पोटाशी, आणि पाठीला हात लावला तरी उठायची नाही. शेजारी भात शिजला तरी बसायची. जे शिकवलं होतं त्यानं तिचा जीव वाचला होता, आणि तेच आता तिच्यातून निघत नव्हतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी मुलींच्या अंगातली भीती काढत आले; पण ती दुसऱ्या कोणी घातलेली असायची. स्वतः घातलेली कशी काढायची ते मला ठाऊक नव्हतं.

मी दर आठवड्याला मारेगावला जाऊ लागले. काही शिकवायचे नाही. तिच्याजवळ जमिनीवर बसायचे. ती गोळा झाली की मीही गुडघे पोटाशी घ्यायचे, आणि आम्ही दोघी तशाच बसून राहायचो, आवाज संपेपर्यंत. तिच्या आईला वाटायचं, म्हातारीला वेड लागलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला.

परवा, नवरात्राच्या आधी, मी आणि तिची आई दारात बसलो होतो. पिंकी चौकटीला टेकून उभी. गल्लीतून सायकल घंटी वाजवत गेली. ती अर्धी वाकली, आणि वाकलेलीच थांबली. मग सरळ झाली. हाताची मागची बाजू भिंतीला लावून चालायला लागली. शेजारच्या घराची भिंत, त्याच्या पुढच्या घराची. भिंत संपते तिथं गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते, आणि त्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जातात.

आईनं हाक मारायला तोंड उघडलं. मी तिचा हात घट्ट धरला. माझ्याही तोंडाशी 'दगड' हा शब्द आला होता. तो मी गिळला.

भिंत संपली तिथं पिंकी थांबली. तिनं टाळी वाजवली. आवाज परत आला नाही, तिला कळलं. एक ट्रक आला, धडधडत, धूळ उडवत, तिच्यासमोरून गेला. धुळीत ती दिसेनाशी झाली. मी उठले होते, पण जागची हलले नाही.

धूळ खाली बसली. ती उभी होती.

मग ती वळली. तोंड आमच्याकडं करून मोठ्यानं विचारलं, "मावशी, भेल्या काय तुम्ही?"

"हो वं," मी म्हटलं. "लय भेली."

"मी बी," ती म्हणाली, आणि भिंतीला हात न लावता, गल्लीच्या मधोमध चालत आमच्याकडं येऊ लागली.